स्वतःचे पुस्तक, समाजाचा पैसा : लेखक-प्रकाशकाने हिशेब कसा ठेवावा

मुलचेरा, अहेरी, चामोर्शी या पट्ट्यात पुस्तक लिहिणारा माणूस बहुधा शिक्षक असतो, अंगणवाडी सेविका असते, वनविभागातला कर्मचारी असतो किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा पदवीधर असतो. पुस्तकही शंभरेक पानांचे असते. गावातल्या चळवळीचा इतिहास, झाडीबोलीतल्या कविता, वंदनेची पुस्तिका, मुलांसाठी बाबासाहेबांचे चरित्र. पुण्या-मुंबईचा प्रकाशक अशा पुस्तकाला सहसा हात लावत नाही. मग लेखकच प्रकाशक होतो. थोडा पगारातला पैसा, थोडी वर्गणी, थोडे उसने, आणि चंद्रपूर किंवा नागपूरच्या छापखान्यातून खोके गावात येतात.

प्रकाशन सोहळा होतो, फोटो निघतात. दोन वर्षांनी कोणी विचारतो, "किती छापली होती? किती गेली? आमच्या वर्गणीचे काय झाले?" आणि लेखकाकडे उत्तर नसते. त्याने पैसा खाल्लेला नसतो, फक्त लिहून ठेवलेला नसतो. पण बाहेरून पाहणाऱ्याला या दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. त्या संशयात त्याचे दुसरे पुस्तक अडकते, आणि त्याच गावातल्या पुढच्या लेखकालाही वर्गणी मिळत नाही. म्हणून या विषयावर सविस्तर लिहीत आहोत.

बाबासाहेबही स्वतः छापत होते

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने परिषदेचे अध्यक्षपद बाबासाहेबांना दिले, पण भाषणातला मजकूर पाहून मंडळ डगमगले आणि परिषद रद्द झाली. तयार असलेले भाषण बाबासाहेबांनी स्वखर्चाने छापून प्रसिद्ध केले. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'च्या त्या पहिल्या इंग्रजी आवृत्तीच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. हे आपल्याला ठाऊक आहे, कारण १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतःच तशी नोंद केली आहे.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या वेळची गोष्ट अधिक बोलकी आहे. १४ सप्टेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. छपाईचा खर्च सुमारे २०,००० रुपये येणार आहे, तो आपल्या आवाक्याबाहेरचा आहे, तेव्हा २५०० व्या बुद्ध जयंतीच्या निमित्ताने सरकारने ग्रंथालयांसाठी आणि येणाऱ्या विद्वानांसाठी सुमारे ५०० प्रती विकत घ्याव्यात, असा त्याचा आशय होता. प्रकाशनासाठी राखलेली रक्कम संपली आहे असे नेहरूंचे दुसऱ्याच दिवशी उत्तर आले. त्यांनी ते पत्र समितीचे अध्यक्ष डॉ. राधाकृष्णन यांच्याकडे पाठवले, पण तिकडूनही नकारच आला. ग्रंथ बाहेर पडला तो १९५७ मध्ये, महापरिनिर्वाणानंतर.

सरकारने काय केले यावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. आम्हाला इथे त्या पत्रातले दोन आकडे महत्त्वाचे वाटतात : खर्च किती आणि प्रती किती. अर्थशास्त्राचा हा पंडित प्रकृती खालावलेली असतानाही मदत मागताना मोघम बोलत नव्हता. आज वर्गणी मागायला निघालेल्या आपल्या किती लेखकांच्या खिशात हे दोन आकडे असतात?

त्याही मागे जायचे तर विनयपिटकात जाता येते. महावग्गातल्या चीवराच्या प्रकरणात असे येते की लोक संघासाठी चीवरे घेऊन येत, पण ती स्वीकारायला ठरलेला भिक्खू नसे. म्हणून चीवर स्वीकारणारा नेमला गेला. आवड, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणारा, आणि काय घेतले व काय घेतले नाही हे जाणणारा, अशी त्याची पात्रता सांगितली आहे. पुढे मंडपात आणि झाडाखाली ठेवलेली चीवरे उंदरांनी व वाळवीने खाल्ली, तेव्हा भांडार ठरवले गेले आणि भांडारिक नेमला गेला. पावसाळ्यात मुलचेऱ्यात मातीच्या खोलीत पुस्तकांचे खोके ठेवणाऱ्या कोणालाही यातली वाळवी वेगळी समजावून सांगायला नको.

आधी प्रती मोजा, मग पैसे

लेखक पैशांची वही ठेवतात, पण प्रतींची ठेवत नाहीत. आमच्या मते बहुतेक घोळ इथेच होतो. पुस्तक हाच इथे माल आहे. प्रत कुठे गेली हे कळले नाही, तर तिचा पैसा यायचा होता की नाही हेही कळत नाही.

म्हणून तीन वह्या करा. पहिली रोजकीर्द : तारीख, कोणाकडून आले किंवा कोणाला दिले, कशासाठी, रोख की यूपीआय, किती, शिल्लक किती. दुसरी प्रतींची वही. तिच्यात रोजच्या नोंदीसाठी इतकेच रकाने पुरतात : तारीख, किती प्रती गेल्या, कोणाकडे, कोणत्या प्रकाराने (रोख विक्री, टपाल, स्टॉल, भेट, खराब), किती परत आल्या, घरी उरल्या किती. तिसरी वर्गणीची वही, तिच्याबद्दल पुढे लिहिले आहे. मोबाइलवर एक्सेल किंवा गुगल शीट येत असेल तर उत्तमच. पण नेटवर्क आणि वीज यांचा भरवसा नसलेल्या गावात कागदाची वही मुख्य ठेवावी आणि महिन्यातून एकदा तिचे फोटो काढून दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर पाठवून द्यावेत.

एक उदाहरण आकड्यांनी करून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.

समजा ५०० प्रती छापल्या. अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन ६,०००, मुखपृष्ठ २,०००, करासह छपाई-बांधणी ३०,०००, नागपूरहून वाहतूक १,५००, प्रकाशन कार्यक्रम ४,५००. एकूण ४४,००० रुपये. लेखक ५०० ने भागतो, प्रत ८८ रुपयांना पडली असे म्हणतो आणि किंमत १२० ठेवतो. एका प्रतीमागे ३२ रुपये सुटतील असा त्याचा हिशेब.

आता प्रतींची वही काय सांगते ते पाहा. भेट गेल्या ६४ : वर्गणीदार, पाहुणे, समीक्षक, ग्रंथालये. कार्यक्रमांत हातोहात विकल्या १४०, सवलतीत १०० रुपयांना. टपालाने ३०, पूर्ण किमतीला, टपालखर्च वेगळा घेऊन. स्टॉलवाल्यांकडे ४० टक्के कमिशनवर २०० ठेवल्या. त्यांतल्या १३० विकून प्रत्येकी ७२ रुपये आले, २० विकल्या गेल्या पण पैसे यायचे आहेत, ४० परत आल्या, १० भिजून खराब झाल्या. घरी उरलेल्या ६६ आणि परत आलेल्या ४० मिळून १०६ शिल्लक. बेरीज करून पाहा : ६४, १४०, ३०, १५०, १० आणि १०६, बरोबर ५००.

हातात आलेली रक्कम १४,००० अधिक ३,६०० अधिक ९,३६०, म्हणजे २६,९६०. येणे १,४४०. उरलेल्या १०६ प्रती उद्या सगळ्या १०० रुपयांनी गेल्या तरी १०,६०० येतील. सगळे मिळून ३९,०००. म्हणजे शेवटची प्रत विकली गेली तरी ५,००० रुपये अंगावरच. हा तोटा विक्री कमी पडल्यामुळे झालेला नाही, तो किंमत छापली त्याच दिवशी ठरला होता. भेटीच्या आणि खराब प्रती वगळल्या तर पैसे आणणाऱ्या प्रती ४२६ राहतात. ४४,००० ला ४२६ ने भागले की सुमारे १०३ रुपये येतात. कमिशन आणि सवलत वजा जाता प्रत्येक प्रतीमागे सरासरी इतके हातात पडले पाहिजेत.

हीच विभागणी धरून किंमत १५० आणि सवलतीची किंमत १२५ केली, तर एकूण ४८,७५० येतात आणि खर्च भागून थोडे उरते. पण मजुरी करणाऱ्या वाचकाला १५० रुपये जड जातात, हेही आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा किंमत कमीच ठेवायची असेल तर तो तुटवडा वर्गणीतून भरायचा, असे आधी ठरवा आणि वर्गणी देणाऱ्याला तसे स्पष्ट सांगा. लोक त्यासाठी देतात. नंतर कळले तर मात्र रागावतात.

प्रवास आणि जेवण हा खर्च आपल्याकडे कोणी लिहीत नाही. लेखकाची बायको किंवा बहीण दोन दिवस स्टॉलवर उन्हात बसते, खोके उचलते, सुटे पैसे सांभाळते. तिचे तिकीट आणि डबासुद्धा वहीत येत नाही, मग पुस्तक फायद्यात गेले असे वाटते. हा खर्च लिहाच.

दीक्षाभूमी, चैत्यभूमी आणि स्टॉलची उधारी

आपल्या पुस्तकांची विक्री वर्षभर सारखी होत नाही. नागपूरच्या दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमी, चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर १५-१६ ऑक्टोबर (१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी तिथे दीक्षा दिली होती), ६ डिसेंबरला दादर, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, मग १४ एप्रिल आणि बुद्ध पौर्णिमा. वर्षाची बहुतेक विक्री या मोजक्या दिवसांत होते, तीही गर्दीत आणि घाईत.

स्टॉलवाल्याला प्रती देताना दोन प्रतींत चलन करा. पुस्तकाचे नाव, प्रती, छापील किंमत, कमिशन किती टक्के, उरलेल्या प्रती आणि पैसे कोणत्या तारखेपर्यंत, न्यायचा-आणायचा खर्च कोणाचा, आणि दोघांच्या सह्या. ओळखीच्या माणसाकडून सही कशी घ्यायची, हा संकोच आम्ही पुष्कळ पाहिला आहे. संकोच वाटत असेल तर चलनपुस्तक छापूनच घ्या. छापील कागदावर सही करायला कोणालाच अवघड वाटत नाही.

स्टॉलवर दिलेली प्रत विकली जाईपर्यंत तुमचीच असते. ती विक्रीत धरू नका. १४ एप्रिलसाठी मार्चमध्ये दिलेल्या प्रतींबाबत ही गल्लत हमखास होते, कारण ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपते आणि जयंतीची विक्री पुढच्या वर्षात जाते.

स्वतःचा स्टॉल असेल तर सकाळी प्रती मोजा, गल्ल्यात सुटे किती टाकले ते लिहा आणि रात्री पुन्हा दोन्ही मोजा. कमी झालेल्या प्रती आणि वाढलेले पैसे जुळले पाहिजेत. यूपीआयसाठी पुस्तकाचे वेगळे बँक खाते ठेवा. सुरुवातीला वेगळे बचत खाते चालते, उलाढाल वाढली की चालू खाते काढा. घरखर्चाच्या खात्यात आलेल्या १०० रुपयांपैकी कोणते पुस्तकाचे आणि कोणते भावाने पाठवलेले, हे सहा महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही.

टपालाबद्दल थोडक्यात. १ मे २०२५ पासून टपाल खात्याची 'ज्ञान पोस्ट' ही पुस्तकांसाठीची सेवा सुरू झाली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव छापलेले असावे लागते. टपालाची पावती प्रतींच्या वहीत त्याच ओळीशेजारी चिकटवा.

वर्गणी, आगाऊ रक्कम आणि उसने

हा भाग सर्वांत नाजूक आहे. लोक पैसे देतात तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी करत असतात. कोणी दान देतो, परत काही मागत नाही. कोणी प्रकाशनपूर्व सवलतीत प्रतीचे पैसे भरतो, त्याला पुस्तक देणे लागते. कोणी उसने देतो, त्याला पैसे परत द्यायचे असतात. तिसऱ्या वहीत या तिघांसाठी वेगळी पाने ठेवा आणि क्रमांक छापलेल्या पावतीवर प्रकार लिहा. देणाऱ्याच्या तोंडावर विचारा : "ताई, हे दान म्हणून लिहू की प्रतींसाठी?" तिथेच स्पष्ट होते. पुस्तकाच्या आतल्या पानावर दात्यांची नावे छापायची असतील तर ती याच वहीवरून घ्या, आठवणीवरून नको. सुटलेल्या एका नावावरून पुढे किती वर्षे अबोला राहतो, ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

कायद्यालाही हा फरक कळतो. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात एकूण ५०,००० रुपयांहून अधिक रक्कम विनामोबदला मिळाली, तर ती सगळीच रक्कम तुमच्या उत्पन्नात धरली जाते, केवळ ५०,००० वरची नव्हे. प्रतींसाठी घेतलेली आगाऊ रक्कम मात्र दान नाही, ती विक्रीची रक्कम आहे. दोन्ही एकाच यादीत असतील तर हे सिद्ध करणे तुम्हालाच कठीण जाईल.

पुस्तक विहार समितीच्या किंवा नोंदणीकृत संस्थेच्या नावाने काढत असाल तर पैसा तिच्याच खात्यात गेला पाहिजे, पावती तिचीच फाडली गेली पाहिजे आणि खर्च तिच्या लेखापरीक्षणात आला पाहिजे. वर्गणी संस्थेच्या नावाने आणि पैसा लेखकाच्या यूपीआयवर, असे करू नका. हेतू कितीही चांगला असला तरी धर्मादाय आयुक्तांपुढे त्याचे स्पष्टीकरण देता येत नाही.

शिक्षक किंवा शासकीय कर्मचारी असाल तर वर्गणी गोळा करण्याआधी तुम्हाला लागू असलेले वर्तणूक नियम वाचा. नियमांनुसार पूर्वपरवानगी लागत असेल तर ती लेखी घ्या आणि तिची प्रत फाइलमध्ये ठेवा.

कर किती भीतिदायक आहे?

फारसा नाही. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे आणि केवळ पुस्तकेच विकणाऱ्याला जीएसटी नोंदणी लागत नाही. दिनदर्शिका आणि डायरी यांना ही सूट नाही, हे लक्षात असू द्या. छापखान्याच्या बिलातला जीएसटी मात्र तुम्हाला परत मिळत नाही, म्हणून तो खर्चात धरा. "बिल नको, कर वाचेल" असे कोणी म्हटले तरी बिल घ्या. बिल नसेल तर तुमचा सर्वांत मोठा खर्च कागदावर उरतच नाही.

आयकरात पुस्तकविक्रीचे उत्पन्न व्यवसायाचे उत्पन्न धरले जाते. नव्या करप्रणालीत २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सर्वसाधारण उत्पन्नावर सवलतीमुळे कर भरावा लागत नाही. तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांचा प्रश्न कर किती भरायचा हा नसून विवरणपत्र कोणते भरायचे हा असतो. पगारदार शिक्षक नेहमीप्रमाणे 'सहज' म्हणजे आयटीआर-१ भरतो, पण व्यवसायाचे उत्पन्न असेल तर तो अर्ज चालत नाही, आयटीआर-३ किंवा आयटीआर-४ लागतो. लहान व्यावसायिकांना अंदाजित उत्पन्नाची सोय आहे : रोख विक्रीच्या किमान ८ टक्के आणि बँक किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीच्या किमान ६ टक्के उत्पन्न दाखवता येते. प्रत्यक्ष तोटा झालेल्या लेखकाने या सोयीच्या मागे लागण्याआधी करसल्लागाराला एकदा विचारावे. प्रत्यक्ष खर्च दाखवणार असाल तर छापखान्याला १०,००० रुपयांहून अधिक रक्कम एका दिवसात रोखीने देऊ नका, तो खर्च मान्य होत नाही. चेक द्या किंवा बँकेतून पाठवा.

आणि ३१ मार्चच्या संध्याकाळी खोके उघडून प्रती मोजा. शिल्लक प्रती हा तुमचा साठा आहे, त्यांची छपाई त्या वर्षाच्या खर्चातून वजा होते. वाळवी लागलेल्या प्रतींचा फोटो काढून, संख्या लिहून त्या वेगळ्या करा.

ग्रंथालये आणि अनुदान

आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन आणि मोफत मिळतो. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर ते त्याच्या मेहनतीचे आहेत, सरकारी शुल्क नव्हे, आणि पावतीवर तसेच लिहून घ्या. १९५४ च्या कायद्यानुसार पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह देशातल्या चार ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवावी लागते. या चार प्रती छपाईच्या वेळीच बाजूला काढा. पहिले पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिची माहिती छपाईआधी घ्या. सार्वजनिक ग्रंथालयांना प्रती दिल्यास बिलाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तिथले पैसे उशिरा येतात आणि तोवर ग्रंथपाल बदललेला असतो.

पैसे शिल्लक राहिले तर काय करावे, याबद्दल सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत असे सांगितले आहे : एक उपभोगासाठी, दोन कामात घालण्यासाठी, एक अडचणीसाठी राखून ठेवण्यासाठी. आम्ही तरुण लेखकांना हेच सुचवतो. निम्मी रक्कम पुढच्या आवृत्तीच्या कागदासाठी बाजूला काढा. उधारी बुडाली तर चौथा भाग उपयोगी पडतो.

वर्षातून एकदा, बुद्ध पौर्णिमेला किंवा वर्षावासाच्या काळात विहारात लोक जमतात तेव्हा, एका पानाचा हिशेब वाचून दाखवा आणि फलकावर लावा. छापल्या किती, गेल्या किती, शिल्लक किती, दान किती, देणे किती. तालुक्यातल्या बंगाली वस्त्यांतून वर्गणी आली असेल तर ते पान बांगलातही लिहून घ्या, सुंदरनगरकडे लिहून देणारा कोणीही मिळेल.

वह्या, बिले, चलने आणि बँकेचे उतारे सात-आठ वर्षे जपावेत. दुकानात यंत्रातून निघणाऱ्या चकचकीत पावत्यांवरची अक्षरे काही महिन्यांतच उडतात, म्हणून त्यांची लगेच झेरॉक्स काढा. पावसाळ्याआधी सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवा, आणि पेटी जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा.